लेकीच्या बाळंतपणाला फिनिक्सला निघालेय आणि तिच्या घरात विंचू निघालाय

सिन्नरकर_बाई

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. प्राथमिक शाळेत शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. लेक-जावई अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर गावात असतात. लेकीला सातवा लागलाय, जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिलीय. मी जूनअखेर जाणार, डिसेंबरपर्यंत राहणार. तिकीट झालं, जुन्या नऊवारीची आठ दुपटी शिवून झाली, टोपडी झाली, हळीव आणि डिंक आणून ठेवला. आणि गेल्या रविवारी तिने फोटो पाठवला. कपड्यांच्या मशीनमागे, जमिनीपासून हातभर उंचीवर, भिंतीला चिकटलेला फिकट पिवळा विंचू.

भिंतीवर चढलेला विंचू मी जन्मात पाहिला नव्हता. आमचं माहेर सिन्नर तालुक्यातलं. विंचू दगडाखाली, गोवऱ्यांच्या ढिगात, सरपणात. माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना सरपण काढायला गेला आणि लाल विंचू डसला. दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय बर्फासारखे गार. आधी मंत्र घालणाऱ्याकडे नेलं, त्यात दोन तास गेले, मग कोणाच्या तरी जीपमधून नाशिकला. वाचला. पण जीपमध्ये त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो गारवा मला अजून आठवतो. फोटो पाहिल्यापासून मला धड झोप नाही.

जावयांनी मार्चपासून एका फवारणीवाल्या कंपनीशी वर्षाचा करार केलाय. दर महिन्याला माणूस येतो, घराच्या आतबाहेर औषध मारून जातो. तरी विंचू निघालाच. आता कंपनी म्हणते महिन्यातून दोनदा मारू. पोटुशी बाई घरात, पुढे तान्हं बाळ, आणि फरशीवर सारखं ते औषध. मला ते पटत नाही, पण विंचवापेक्षा औषध बरं असं जावई म्हणतात, आणि मी त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणू? शिवाय मागच्या दाराच्या दिव्यापाशी पाली असतात, लेक त्यांना बघूनच किंचाळते. विषारी पाल पण असते म्हणे तिकडे. खरं काय, खोटं काय, बाळाचा पाळणा कुठे आणि कसा ठेवू, कोणी तिथे राहिलेलं असेल तर कृपा करून सांगा.

मखमलाबाद_रोड

ताई, मी २००९ ते २०२१ टेंपीला राहिले, म्हणजे चँडलरच्या शेजारचंच गाव. माझी दोन्ही मुलं तिथली. आता आम्ही कायमचे नाशिकला परत आलोत. तुमच्यासारखीच माझी आई पहिल्या वेळी आली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या लेकीने पाहिला तो बहुतेक बार्क स्कॉर्पियन. तिकडच्या सगळ्या विंचवांत हाच झाडावर, भिंतीवर चढतो, आणि त्याला वस्तूच्या खालच्या अंगाला उलटं लटकून बसायला आवडतं. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं. आपण कुंडी, पाट, टॉवेल, खेळणं उचलतो तेव्हा बोटं खालच्या बाजूला जातात आणि तो तिथेच असतो. मला २०१२ च्या जुलैमध्ये डसला तो असाच, न्हाणीघरातल्या टॉवेलच्या आतून. उजव्या हाताची करंगळीशेजारची बोटं. उघडी वायर लागावी तशी कळ गेली, मग कोपरापर्यंत मुंग्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चहाचा कप त्या हातात धरवेना, पण त्यापलीकडे काही झालं नाही. तिथे पॉयझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राचा, चोवीस तास चालणारा फोन आहे. मी लावला तर नर्सने सगळं नीट विचारलं, गार पाण्याची पट्टी ठेवायला सांगितली, आणि तीन तासांनी तिने स्वतःहून पुन्हा फोन करून चौकशी केली. तो नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

तुमच्या भावाला झालं ते वेगळं. आपला लाल विंचू हृदयावर, फुप्फुसांवर जातो. घाम, ओकाऱ्या, गार हातपाय ही त्याचीच लक्षणं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि कितीतरी माणसं वाचली. ॲरिझोनाचा विंचू नसांवर जातो. मोठ्या माणसाला दुखतं, बधिरतं, उतरतं. लहान मुलाचं मात्र तसं नाही. डोळ्यांची बुबुळं भिरभिरायला लागली, लाळ गळायला लागली, हातपाय झटकत मूल कशानेच शांत होईना, तर फोनवर बोलत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. त्यावर उतारा आहे, मेक्सिकोत बनतो, अमेरिकेत २०११ साली त्याला मान्यता मिळाली. मुलं काही तासांत सावरतात. तुमच्या लेकीला एवढंच आधी करायला सांगा: जवळच्या कोणत्या हॉस्पिटलात तो उतारा ठेवलेला असतो ते आत्ताच विचारून ठेवायचं.

आता फवारणीचं. ताई, जावयांना तुम्ही नाही म्हणू नका, त्यांना मी लिहिलेलं दाखवा. आम्हीही दोन वर्षं पैसे भरले. नुसत्या फवारणीला विंचू दाद देत नाही. औषधाने रातकिडे, झुरळं मरतात, म्हणजे त्याचं खाणं कमी होतं, एवढाच काय तो उपयोग, पण उपाशी तो महिनोन्‌महिने काढतो. आमच्याकडे फरक पडला तो फटी बुजवल्यावर. रात्री घरातले दिवे लावा, बाहेर अंधारात उभं राहा आणि दारं बघा. दाराखालून जिथे उजेडाची रेघ दिसते तिथून विंचू येतो. दोन मिलिमीटरची फट त्याला पुरते. दाराला खाली रबराची पट्टी, मशीनच्या नळीभोवतीच्या भोकात सिलिकॉन, न्हाणीघराच्या जाळीवर बारीक जाळी, भिंतीच्या कडेची खोकी उचलणं. दोन शनिवार-रविवार लागले. त्यानंतर घरात वर्षाला एखादा, आधी महिन्याला तीन-चार दिसायचे. माझं म्हणणं, निदान घराच्या आतली फवारणी तरी बंद करा. बाहेरचं जावयांना ठरवू द्या.

पाळणा भिंतीपासून हातभर लांब. चादर, मच्छरदाणी, काहीही जमिनीला टेकता कामा नये. आणि तुमच्या आईकडे जाळीचं कपाट होतं ना, त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत? मुंग्या चढू नयेत म्हणून? तेच करायचं, फक्त पाणी नको. पाळण्याचा प्रत्येक पाय एकेका काचेच्या बरणीत. हा विंचू खडबडीत भिंत चढतो, स्वच्छ गुळगुळीत काच त्याला चढता येत नाही. तिकडच्या जुन्या बायका हेच करायच्या. माझ्या आईने बरण्या पाहिल्या आणि म्हणाली, अगं हे तर आपलंच आहे, आणि त्या रात्री ती पहिल्यांदा गाढ झोपली.

आणखी एक वस्तू नाशिकहूनच घेऊन जा. अल्ट्राव्हायोलेट उजेडाची टॉर्च. त्या जांभळ्या उजेडात जवळजवळ कुठलाही विंचू हिरवट-पोपटी झळकतो, आपलाही. अंधार पडल्यावर तासाभराने मागच्या अंगणात सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत आणि ताडाचं खोड बघायचं. मी आधी भीतीने बघायचे, मग बघायची सवय लागली. एका रात्री भिंतीच्या वरच्या कडेला एक मोठी मादी दिसली. अंग पोपटी झळकतंय, आणि पाठीवर मात्र झळकत नाही असं काहीतरी पांढरं. जवळ गेले तर तांदळाच्या कण्यांसारखी पिल्लं, एकमेकांना चिकटून, वीस तरी असतील. पहिली कात टाकेपर्यंत ती आईच्या पाठीवरच असतात आणि तोवर ती या उजेडात तशी झळकत नाहीत. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतो आपण. मी हा शब्द हजारदा वापरला असेल, ते बिऱ्हाड डोळ्यांनी पाहिलं त्या रात्री. धाकटा तेव्हा माझ्या कडेवर होता. पिल्लं आईला खातात असं आपल्याकडे म्हणतात ते खरं नाही. तीच त्यांना पेलत हिंडते.

मारले का? घरात सापडले ते मारले, खोटं कशाला बोलू. बाहेरच्या भिंतीवरचे लांब चिमट्याने बरणीत घेऊन कॅनॉलपलीकडे सोडले. ती मादी मात्र हलवली नाही.

पालीबद्दल उद्या लिहिते, मुलगा क्लासवरून आलाय.

दारणाकाठ

मावशी, मी नाशिकरोड-भगूर पट्ट्यात साप सोडवायचं काम करतो, तिकडे कधी गेलेलो नाही. पण साप म्हटलं की लोक घाबरून चुकतात ते इथं आणि तिथं सारखंच असणार, म्हणून लिहितो.

तिकडचा रॅटलस्नेक हा आपल्या घोणशीच्या नात्यातला. अंडी घालत नाही, पिल्लंच देतो, तेही घोणशीसारखंच. शेपटी खुळखुळवतो तो इशारा असतो. आपली घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, फुरसं अंगावरचे खवले एकमेकांवर घासून करकर आवाज काढतं. तिघांचंही म्हणणं एकच, लांब राहा. आवाज आला की उडी मारायची नाही, पळायचं नाही. आधी आवाज कुठून येतो ते बघायचं, मग दोन-तीन पावलं मागे. बहुतेक दंश साप मारायला किंवा उचलायला गेलेल्यांना होतात, हे मी स्वतः पाहिलंय. दंश झालाच तर आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, हात-पाय न हलवता हॉस्पिटल.

बाकी जनावराशेजारी राहणं तुम्हाला नवीन नाही, मावशी. आमच्या दारणाकाठच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती त्याच फडाजवळ खोक्यात ठेवतात आणि लांब होतात. रात्री मादी येते, एकेक तोंडात धरून घेऊन जाते. मजूर बायका लांब ट्रॅक्टरजवळ बसून असतात, त्यांचीही लेकरं झोळीत असतात. कोणी दगड मारत नाही.

मखमलाबाद_रोड

हां, पाल. ताई, लेकीला सांगा, ती पाल आपलीच आहे. भूमध्य समुद्राकडून मालाबरोबर अमेरिकेत पोचलेली, पण आपल्या घरातल्या पालीच्याच कुळातली, हेमिडॅक्टायलस. विष नाही, चावत नाही, दुधात पडली तर दूध टाकायचं ते स्वच्छतेसाठी, विषासाठी नव्हे. दिव्यापाशी बसते ती पतंग, रातकिडे, झुरळांची पिल्लं खायला, म्हणजे विंचवाच्याच ताटातलं.

किंचाळणं थांबायला मला एक खिडकी कामी आली. स्वयंपाकघराच्या काचेवर रोज संध्याकाळी एक पाल बाहेरून येऊन बसायची, मला तिचं पोट दिसायचं. पायांच्या बोटांखालच्या आडव्या घड्या दिसायच्या, त्यांच्यावर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस असतात, त्यांच्या जोरावर ती काचेला धरते. तिला पापण्या नसतात, मधूनच जीभ काढून डोळा पुसून घेते. मला सातवा होता तेव्हा एका संध्याकाळी आतल्या दिव्याच्या उजेडात तिच्या पोटात दोन पांढरी अंडी दिसली, कातडीखाली अगदी स्पष्ट, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी. मी पोळी लाटता लाटता थांबले. माझा हात आपोआप माझ्या पोटावर गेला. त्यानंतर ती काचेवर दिसली नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं. तुमच्या लेकीलाही सातवाच आहे म्हणून हे लिहावंसं वाटलं.

विषारी सरडा आहे, हीला मॉन्स्टर, नारिंगी-काळा, मण्यांची माळ गुंडाळल्यासारखा. पण आयुष्यातला बहुतेक वेळ तो बिळात काढतो. शहरातल्या घरात तो यायचा नाही. बारा वर्षांत मला एकदा दिसला, तोही दक्षिणेकडच्या डोंगरातल्या पायवाटेवर, एप्रिलमध्ये, आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. १९५२ पासून त्याला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, आपल्या घोरपडीसारखं. त्याच्या लाळेतल्या एका द्रव्यावरून मधुमेहाचं इंजेक्शन तयार झालं, २००५ साली त्याला मान्यता मिळाली. त्याच जातीच्या औषधांवर माझे यजमान आहेत. त्यामुळे त्या सरड्याबद्दल आमच्या घरात कोणी वाकडं बोलत नाही.

गिल्बर्टची_माहेरवाशीण

काकू, मी नाशिकरोडची, सध्या चँडलरच्या शेजारी गिल्बर्टला. वरच्या ताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त उन्हाचं सांगते, कारण तुम्ही ऐन उन्हाळ्यात येताय. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा रोज ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ अंश, किंवा त्याच्याही वर जात होता. अशा वेळी सगळी जनावरं रात्रीची होतात, माणसंही. दुपारी अंगणात चिटपाखरू नसतं, फक्त सिकाडा किड्यांची किर्र. विंचू, कोळी, साप सगळे दिवस मावळल्यावर निघतात, म्हणून अंधारात अनवाणी बाहेर पाऊल नको, अगदी कचरा टाकायलासुद्धा. दाराबाहेरच्या चपला झटकून घालायच्या. घराच्या भिंतीला लागून ठिबकची नळी गळत असेल तर दुरुस्त करून घ्या. वर्षाला सात इंच पावसाच्या गावात ओली जागा दिसली की किडे तिकडे, आणि किड्यांच्या मागे सगळे.

जुलै-ऑगस्टमध्ये इथेही पाऊस येतो, वळवासारखा, धूळ उडवत. पाऊस पडायच्या आधी क्रिओसोट नावाच्या झुडपाचा वास सुटतो. तो मातीचा वास नव्हे, पण पहिल्यांदा आला तेव्हा मी दारात उभी राहून रडले होते. आणि जमिनीखाली महिनोन्‌महिने गाडून घेतलेले बेडूक त्या रात्री वर येतात, शेळीसारखे ओरडतात.

सकाळी साडेपाचला फिरायला मी तुम्हाला घेऊन जाईन. आमच्याकडे ११० एकरांची पाणथळ जागा राखलीय, शहराचं सांडपाणी शुद्ध करून त्या तळ्यांत सोडतात. बगळे, ढोकरी, बदकं, शेकाट्याच्या जातीचे पक्षी. नांदूरमध्यमेश्वरची आठवण येते मला तिथे. तेही माणसाने बांधलेल्या बंधाऱ्याचंच पाणी, आणि २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर ठिकाण, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतलं ठिकाण, म्हणून जाहीर झालं.

सिन्नरकर_बाई

सगळ्यांना नमस्कार. चार दिवसांनी लिहितेय.

मेनरोडला स्टेशनरीच्या दुकानात नोटा तपासायची छोटी जांभळ्या उजेडाची टॉर्च मिळाली. दुकानदाराने विचारलं कशाला हवी, मी खरं ते सांगितलं, तर त्याने दोन घेऊन जा म्हणून आग्रह केला. रात्री दहाला आमच्याच सोसायटीच्या मागच्या कंपाउंडपाशी गेले, जिथे जुन्या फरशांचा ढीग आहे. सोबत शेजारच्या वहिनी. पहिल्या पाच मिनिटांत काही नाही. मग फरशीच्या कडेला पोपटी रेघ हलली. दोन बोटांएवढा होता. नांगी वर न करता तसाच उभा. टॉर्च बंद केली की काही नाही, नुसता अंधार, लावली की तो. मी व्हिडिओ कॉल लावून लेकीला दाखवला. तिच्याकडे सकाळचे साडेनऊ वाजले होते, ती मीटिंग सोडून बघत राहिली. वहिनी म्हणाल्या, इथे आपली नातवंडं खेळतात. फरशा दुसऱ्या दिवशी सकाळी हलवल्या. मीच उभी राहून, बुटात, पक्कड घेऊन.

लेक-जावयांनी त्यांच्या मागच्या भिंतीवर तीन मोजले. घरातली फवारणी थांबवायचं जावयांनीच ठरवलं, मला काही बोलावं लागलं नाही. दारांच्या पट्ट्या मागवल्यात. हॉस्पिटलचं विचारून झालं, वीस मिनिटांवर आहे. पालीचं तुमचं लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, पण काल विचारत होती की पालीची अंडी किती दिवसांनी फुटतात. भावालाही हे सगळं पाठवलं. त्याला प्राझोसिनचं माहीत नव्हतं. त्याचं वय आता त्रेपन्न, सिन्नरला द्राक्षं करतो.

एक विचारायचं राहिलं. बरण्या इथून न्यायच्या की तिकडे मिळतात? आणि दुपट्यांचं काय करायचं, तिकडे दोरीवर वाळत घालतात का?

मखमलाबाद_रोड

बरण्या तिकडे मिळतात ताई, रुंद तोंडाच्या, जाड काचेच्या घ्या आणि आठवड्याला आतून पुसा. धूळ बसली की काचेवर पाय धरायला जागा मिळते. टॉर्च हँडबॅगेत ठेवा, तिचे सेल वेगळे.

दुपटी बहुतेक जण ड्रायरमध्ये घालतात. तुम्हाला उन्हातच हवी असतील तर अंगणात दोरी बांधून घ्या, त्या उन्हात वीस मिनिटांत वाळतात. मात्र दिवस मावळायच्या आत काढायची, आणि काढताना प्रत्येक दुपटं एका टोकाला धरून दोनदा झटकायचं, आपल्यापासून लांब, मग घडी. रात्री बाहेर राहिलं तर ते सकाळी तसंच उचलून बाळाला गुंडाळायचं नाही, पुन्हा उन्हात टाकायचं. पालीची अंडी साधारण दीड-दोन महिन्यांत फुटतात, लेकीला सांगा. तोवर तुम्ही पोचलेल्या असाल.